उजवीकडचं दार

“साखर संपवायची डावीकडच्यांनी आणि नाव खराब उजवीकडच्यांचं. छान चाललंय.”

ही कुरकुर चष्मेवालीला अगदी गुडघ्यापाशी ऐकू आली. ती नुकतीच दुसऱ्या मजल्यावर पोचून दम खात होती, आणि तिच्या शेजारच्या चहाच्या टेबलाखाली डोकं घालून कुणीतरी डबे धुंडाळत होतं. डोकं बाहेर येताना टेबलावर आपटलं. केस पांढरे, चेहरा मात्र तिशीतला. मग तिच्या लक्षात आलं, केसांवर मैदा आहे.

“तुम्ही डावीकडच्या का हो?” डोकं चोळत त्यानं विचारलं.

समोरासमोर दोन दारं होती. वाचनालयाच्या फलकावरून तिनं ज्या बैठकीचा नंबर मिळवला होता, तिथल्या बाईंनी फोनवर नीट समजावलं होतं. जिना चढून या, उजवीकडचं दार, ठोठावायचं नाही, सरळ आत यायचं. आत सगळे आपल्यासारखेच. जिना चढताना चष्मेवालीनं वाक्यसुद्धा पाठ केलं होतं, ‘मला जुगाराची सवय आहे, मी बैठकीला आलेय.’ सोपं होतं. पण समोर मैद्याच्या केसांचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस उभा असेल, हे कुठे ठरलं होतं?

“डावीकडची,” ती म्हणाली. खोटं बोलायची सवय झाली की ते शिंकेसारखं येतं. आवरत नाही.

“मग साखरेचा जाब द्या.”

“मी आज पहिल्यांदाच येतेय.”

“सगळ्या असंच म्हणतात.” त्यानं अदबीनं डावीकडचं दार उघडून धरलं.

डावीकडे विणकामाचा वर्ग भरत होता. सुया आणि लोकर घेऊन बसलेल्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि वर्ग घेणाऱ्या काकूंनी तिच्या हातात मोरपंखी रंगाचा गुंडा ठेवला. “बस. मफलरपासून सुरुवात कर. मफलर चुकला तरी गळ्यात घालता येतो.”

अशी ती विणायला शिकली. इच्छा म्हणाल तर काडीची नव्हती.

चष्म्यांच्या दुकानात ती चांगल्या हाताची म्हणून नावाजलेली. नाकावर चष्मा असा बसवायची की माणूस घालून विसरून जावा. गिऱ्हाइकांना जवळचं, लांबचं सगळं दाखवणाऱ्या या मुलीला स्वतःच्या हातातल्या फोनवरचे जुगाराचे पत्ते मात्र फार जवळून दिसत राहिले. सुरुवात गमतीत झाली. मग जेवताना, मग दुकानात काउंटरखाली, मग आंघोळीला गेल्यावर दाराला कडी लावून. स्वतःचं दुकान काढायचं म्हणून साठवलेलं सगळं त्यात गेलं, आणि नंतर आईच्या बांगड्या गेल्या. बाबांनी तिचा फोन कपाटात टाकून साधा बटणांचा हातात दिला. आई तिचा पगार स्वतःच्या पर्समध्ये ठेवू लागली. आणि बाहेर कुणी विचारलं, की आई म्हणायची, “हिची तब्येत बरी नसते हल्ली.” आत्या विचारायची, “म्हणजे नक्की काय होतं?” आई म्हणायची, “थकवा.” बाबा चपला शोधायला लागायचे.

‘जुगार’ हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. चष्मेवालीही नाही.

दोन खोल्यांच्या मधली भिंत प्लायवूडची. दर मंगळवारी ती सुया हलवत पलीकडचं ऐकायची. कुणीतरी बोलायचं, थांबायचं, आणि मग सगळे एका सुरात म्हणायचे, “ऐकलं.” बाकी काही नाही. उपदेश नाही, अरेरे नाही. नुसतं, ऐकलं. तिला वाटलं होतं तिथे रडारड असेल. पण त्या खोलीतून हसू यायचं, पोटभर आणि खरं.

आणि मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलाशी तो. त्याची बेकरी होती. तुटकी बिस्किटं तो पिशवी भरून आणायचा.

“पुढे कितपत गेलाय मफलर?”

“मागे गेलाय. काकूंनी उसवला.”

“कुणासाठी चाललाय एवढा?”

“ठरलं नाही अजून.”

“माझा गळा साधारण एवढा आहे,” असं म्हणत तो दोन्ही हातांनी माप दाखवायचा, आणि ती मान फिरवून कपात बघत हसायची. बिस्किटात जायफळाचा वास असायचा… किंवा त्याच्या बाह्यांना.

एका मंगळवारी पाऊस लागला. दोघं चहाचे कप घेऊन खिडकीशी उभे होते. काचेवर वरच्या चौकटीपाशी दोन थेंब फुगत होते, आता सुटतील, मग सुटतील.

“तो डावा आधी खाली पोचणार,” ती म्हणाली.

“छे. उजवा. त्याचं पोट बघा केवढं आहे.”

“किती लावताय?”

तोंडातून निघून गेलं. सहज, ओठांवरच असल्यासारखं. तिनं जीभ चावली. त्याचा हात अर्ध्यावर राहिला, खिशाकडे निघालेला. थेंब कधी खाली गेले, दोघांनीही पाहिलं नाही.

त्यानं हळूच कप टेबलावर ठेवला.

“हा प्रश्न,” तो म्हणाला, “विणकामवाल्या विचारत नाहीत.”

तिचे कान तापले. जिन्याकडे जावं की डावीकडे, तिला कळेना. तो मात्र हसत नव्हता. रागावलाही नव्हता.

“माझाही हात खिशाकडे निघाला होता. पाहिलंत ना? आता आत जाऊन सांगावं लागणार, की रेसचा घोडा सोडला आणि आज पावसाच्या थेंबावर बसायला निघालो होतो.” मग त्यानं उजवीकडचं दार उघडून धरलं, त्या पहिल्या दिवसासारखंच अदबीनं. “येताय? तुमची खुर्ची कधीपासून मांडतोय आम्ही. दर मंगळवारी परत उचलतो.”

“तुम्हाला… माहीत होतं?”

“तुमच्या त्या बाईंना माहीत होतं. फोनवरच्या. आवाज ओळखला त्यांनी पहिल्याच दिवशी. म्हणाल्या, येऊ दे तिच्या पायानं.”

ती लोकरीचा गुंडा तसाच काखेत मारून उजवीकडे गेली.

त्या फोनवरच्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना हेडबाई म्हणत. एके काळी शाळेच्या वेळात लॉटरीच्या दुकानासमोर उभ्या राहणाऱ्या. या खोलीत नावं सांगत नसत, ज्यानं त्यानं आपला धंदा सांगायचा. आधी कुणी बोलायचं यासाठी नाणं उडवायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. शेवटचं बिस्किट उरलं तर मोडून सगळ्यांनी कणकण खायचं. ‘पैज’ हा शब्द तोंडातून निघाला तर सगळ्यांचे कप धुवायचे.

“आणि एक,” हेडबाई पहिल्याच दिवशी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “पहिलं वर्ष नवं प्रेम नको. एक सोडायचं आणि दुसरं धरायचं, असं होतं माणसाचं. आमच्याकडे झालेलं आहे.”

बेकरीवाला एकाएकी खुर्च्या सरळ करू लागला. खुर्च्या सरळच होत्या.

मग सुरू झालं ते वर्ष. काय सांगावं त्याचं… दोघं एकमेकांच्या समोर बसत नसत, कारण समोर बसलं की बघितलं जायचं. शेजारी बसत नसत, कारण शेजारी बसलं की बोललं जायचं. पाऊस आला की खिडकीकडे पाठ करून उभे राहायचे. तो कप धुवायचा, ती पुसायची, आणि एका कपाला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ दोघांनाही लागायचा. सगळ्यांना दिसत होतं. टॅक्सीवाले काका खोकायचे. हेडबाई छताकडे बघायच्या. बोलत मात्र कुणी नव्हतं. मफलर वाढत होता. हात रिकामे राहिले की बोटं फोन शोधायची, म्हणून ती बसमध्ये विणायची, घरी विणायची. तो गळ्याला वेढे घेऊन गुडघ्यापर्यंत लोंबेल एवढा झाला, तरी ती थांबेना.

एका दुपारी दुकानाचे मालक जेवायला गेले आणि त्यांचा फोन काउंटरवर राहिला. उघडा. कोपऱ्यात त्याच पत्त्यांच्या खेळाची जाहिरात लुकलुकत होती. दुकानात चिटपाखरू नव्हतं. चष्मेवालीनं हात मागे बांधले. मग सोडले. मग आपला बटणांचा फोन काढून बेकरीवाल्याला लावला.

“माझ्यासमोर फोन आहे. मालकांचा. तू ये.”

मग तो म्हणाला, “हेडबाई येतील.” आणि ठेवून दिला.

रागानं तिला रडू फुटलं. तोवर दार ढकलून हेडबाई धापा टाकत आल्या. “माझ्या चष्म्याची दांडी सैल झालीय. घट्ट कर.” तिनं बारीक स्क्रू आवळला. हेडबाईंनी चष्मा घातला, काढला, पाठ केली, परत वळल्या. “पुन्हा सैल झाली बघ.” तिनं परत आवळली. पुन्हा सैल. त्या पाठमोऱ्या होऊन नखानं स्क्रू फिरवतायत, हे तिला दिसत होतं. मालक जेवून, ढेकर देऊन येईपर्यंत ती एकच दांडी आवळत राहिली, आणि फोनकडे बघायला तिला सवडच झाली नाही.

पुढच्या मंगळवारी कप पुसताना ती म्हणाली, “आला नाहीस.”

“निघालो होतो. तुझ्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत आलो. परत फिरलो.”

“का?”

“मी आलो असतो तर तू माझ्यासाठी थांबली असतीस.” तो कपाच्या तळाशी नसलेला डाग घासत होता. “उद्या आपलं भांडण झालं, तर मग कुणासाठी थांबशील? हेडबाईंशी कोण भांडणार? तेवढी हिंमत आहे का कुणात?”

ती बराच वेळ तोच कोरडा कप पुसत राहिली.

“ते पाव मात्र गेले भट्टीत,” तो म्हणाला. “गल्लीनं त्या दिवशी कोळसा खाल्ला. नाव नको विचारूस कुणासाठी.”

“नाही विचारत,” ती म्हणाली. आणि त्या रात्री मफलरची तिनं जी ओळ घातली ती सगळ्यात सरळ आली.

असं करत वर्ष पुरं झालं. वर्ष झालेल्या माणसाच्या घरच्यांना त्या दिवशी बैठकीला बोलवायची रीत होती. आई-बाबा आले. आई दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसली, कधीही उठता यावं अशी. बाबा आपल्या बुटांकडे बघत होते. डावीकडचा वर्ग सुटला होता, आणि काकू साखरेची वाटी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या, सहज.

चष्मेवाली बोलली. थोडंच बोलली. “मी चष्मेवाली. मी जुगारी आहे. वर्षभर खेळले नाही.”

“ऐकलं,” खोली म्हणाली.

“घरच्यांपैकी कुणी बोलणार?” हेडबाईंनी विचारलं.

बाबांनी बूट आत ओढून घेतले. चष्मेवालीला वाटलं, आता आई म्हणेल, हिची तब्येत सुधारली हो. तिनं मनाशी ठरवलं, म्हणाली तर म्हणू दे. आली हेच पुष्कळ.

आई उभी राहिली. पर्स खुर्चीवर ठेवली.

“मी सगळ्यांना सांगत आले, हिला थकवा आहे. हिच्या आत्याला सांगितलं, शेजारी सांगितलं. माझ्या बांगड्या विचारल्या कुणी, तर सांगितलं, सैल होत होत्या.” तिनं मोकळ्या मनगटावरून हात फिरवला. “थकवा मला होता. तो शब्द टाळायचा. माझी मुलगी जुगार खेळायची. आणि आता खेळत नाही. हे दोन्ही मी आता आत्याबाईंनाही सांगणार आहे, उद्याच.”

“ऐकलं,” खोली म्हणाली, पण या वेळी सूर काही एक लागला नाही. टॅक्सीवाल्या काकांचा तर लागलाच नाही. बाबांनी खिशातून रुमाल काढला, आणि तो आईला द्यायचा सोडून स्वतःच वापरला.

“मग निघतंयच सगळं तर,” उंबऱ्यातून काकू म्हणाल्या, “साखर मी न्यायचे.”

हसण्याचा असा काही लोट उठला की खिडक्या थरथरल्या. त्या हसण्यातच चष्मेवालीला दिसलं, बेकरीवाला उभा राहिलाय. कान लाल, केसांवर मैदा. खोली एकेक करून गप्प झाली. हेडबाईंनी या वेळी छताकडे पाहिलं नाही.

“मी बेकरीवाला,” तो म्हणाला. “मी जुगारी आहे.” इथे दर वेळी म्हणायचं ते म्हणून झालं, तरी तो बसला नाही. “एक वर्ष मी एक गोष्ट बोललो नाही. इथे कुणीच बोललं नाही, उपकार आहेत तुमचे. आज बोलायला हरकत नसावी… माझं या चष्मेवालीवर प्रेम आहे. यात मला काही जिंकायचं नाहीये. फक्त सांगायचं होतं.”

आता खोलीनं ‘ऐकलं’ म्हणायचं. तशी रीतच होती. पण कुणीही तोंड उघडलं नाही. हेडबाई नाहीत, काका नाहीत. आईनं तर चक्क ओठांवर बोट ठेवून बाबांना गप्प केलं. सगळ्यांनी मिळून ती जागा रिकामी ठेवली होती, त्या खुर्चीसारखी.

चष्मेवाली उठली. पिशवीतून तो न संपणारा मोरपंखी मफलर काढला, त्याच्या गळ्याला वेढा घातला, दुसरा घातला, आणि तरी एवढा उरला की दुसरं टोक तिनं स्वतःच्या गळ्यात घेतलं.

“ऐकलं,” ती म्हणाली. “माझंही आहे.”