पत्र्यांआड अडकलेला टेम्पो

"पुन्हा राडारोडा!" तेजस्विनी किंचाळली. "अरे, कालच सगळा उचलला होता ना आपण!"

गुलटेकडीच्या गल्लीतला हा प्लॉट सोळा वर्षं पत्र्यांच्या कुंपणाआड पडून होता. बिल्डर पाया खणून, चार खांब उभे करून जो गेला तो गेलाच! आता मालक संभाजीरावांनी मनावर घेतलं होतं. रविवारी चारपर्यंत जागा साफ दिसली, तर एका कोपऱ्यात कासिमचाचांचं हातगाड्या दुरुस्तीचं दुकान आणि उरलेल्या जागेत भाजीबाजार. नाहीतर पुन्हा कुलूप.

जिनतचा जीव टांगणीला लागला होता. कासिमचाचा तिचे नाना, आईचे वडील. फुटपाथवरची जागा सोमवारी सोडायची होती. दुसरी मिळाली नाही, तर ते कायमचे बार्शीला जाणार होते. म्हणून तर सुट्टी लागल्यापासून तिघं घमेली वाहत होते!

"बाराला जेवायला गेलो तेव्हा जागा स्वच्छ होती," पियुष म्हणाला. "पाचला आलो तर ढीग! म्हणजे..."

"एक ते चार!" दोघी ओरडल्या.

एक ते चार ही गल्ली झोपते. तेव्हा भूकंप झाला तरी चहानंतरच कळायचा.

"वैजनाथकाकांना सांगू या?" तेजस्विनीने विचारलं. वैजनाथकाका शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

"ते म्हणणार, पोरांना उद्योग नाही!" जिनत म्हणाली. "चोर पकडूनच दाखवू."

रविवारी दुपारपर्यंत त्यांनी ढीग उचलला आणि घरी न जाता ते खांबांमागे लपले. दीड वाजता मागचे दोन पत्रे सरकले आणि टेम्पो आत आला! ड्रायव्हर फरशांचे तुकडे ओतू लागताच तिघं वाकून बाहेर पळाले. त्यांनी नानांची लोखंडी हातगाडी ढकलत आणून त्या फटीत आडवी घातली. जिनतने सराईतपणे चाकांच्या खिळी काढल्या. तिघांनी गाडी एका बाजूने उचलून त्या बाजूची दोन्ही चाकं उतरवली आणि पळवली!

ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून गल्ली दणाणून सोडली. एक खिडकी उघडेल तर शपथ! शेवटी तोही स्टिअरिंगवर डोकं ठेवून घोरायला लागला.

चारला संभाजीराव आले, तेव्हा सारी गल्ली चहाचे कप घेऊन तिथे जमली होती.

"मला काय विचारता?" ड्रायव्हर डोळे चोळत म्हणाला. "वैजनाथसाहेबांच्या बाथरूमचं काम चाललंय. तेच म्हणाले, दुपारी टाक, कोणी जागं नसतं!"

वैजनाथकाकांचा चहा सांडला. "नाही म्हणजे... जागा रिकामीच होती, म्हणून..."

"होती खरी," संभाजीराव म्हणाले. "भरल्याबद्दल आभारी आहे. आता घमेलं घ्या, साहेब. पोरं दमल्यात."

काकांनी मुकाट्याने शेवटच्या तुकड्यापर्यंत सगळं टेम्पोत भरलं. मुलं मजेत पाहत बसली.

"सोळा वर्षं मी बिल्डरची वाट बघितली," संभाजीराव मुलांना म्हणाले. "माझ्या जागेची काळजी माझ्यापेक्षा तुम्ही जास्त घेतलीत. शाब्बास रे!" मग ते वळले. "कासिमभाई, कोणता कोपरा?"

कासिमचाचांनी नातीकडे पाहिलं. "तूच सांग, बेटा."

"शाळेच्या रस्त्याकडचा!" जिनत म्हणाली. "म्हणजे नाना मला रोज दिसतील."