पाण्यात नासलेली काच

“पाहुणीला कॉफी दे, तापिओ. त्या सोनेरी काठाच्या कपात दे.”

अठरा वर्षांनी उंबरठ्यावर येऊन उभ्या राहिलेल्या पोटच्या पोरीकडे न बघता बाबा हे म्हणाले... आणि आउनेच्या काळजात चर्र झालं! सोनेरी काठाचे ते कप या घरात पाद्रीबाबा आले की निघायचे, नाहीतर मयताच्या जेवणाला. कान तुटलेला तिचा निळा मग कुठे गेला असेल? कोट खुंटीला अडकवून ती मुकाट्याने बसली. समोर कालेर्वो मेस्त्री, तिचे बाबा, काळ्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवून त्याचा लगदा गिळत होते. ज्या तोंडाने पन्नास वर्षं कोस्किला गावच्या भट्टीवर काच फुंकली, त्या तोंडाला आता पाव चाववत नव्हता.

दाढेच्या मुळातून शिरलेल्या पुवाने त्यांच्या जबड्याचं हाड आतून पोखरलं होतं. तुर्कू शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, सडलेलं खरवडून ती पोकळी भरली नाही, तर एखाद दिवशी जांभई देतानाच जबडा मोडेल. कमरेचं हाड काढून भरावं, तर बाबांचं थकलेलं हृदय ती दुसरी जखम सोसणार नाही. राहिले काचेचे दाणे, हाडात रुजणारे. आणि नेमके तेच मेस्त्रींना नको होते, कारण ती काच आउनेच्या भट्टीतली होती! म्हणून तर धाकट्या तापिओने फोन केला होता, “ताई, ये गं. माझं ऐकत नाहीत.”

भट्टीची एक जुनी रीत होती. नव्या काचेचा तुकडा तीन आठवडे चुलीवरच्या कोमट पाण्यात ठेवायचा. तेवढ्यात ती पांढरी पडली तर नासकी, लख्ख राहिली तर पास. प्रत्येक मेस्त्रीचा पहिला पास तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडलेला असे. पणजोबांचा, आजोबांचा, बाबांचा, आणि आता शेवटी तापिओचा.

त्या शेवटच्या जागेवर आउनेचा तुकडा असायला हवा होता! भट्टीच्या मालकांनी एकाच मेस्त्रीचं बाकडं, म्हणजे एकच नोकरी, ठेवायचं ठरवलं, तेव्हा बाबांनी साऱ्या गावासमोर पोरीचं नाव घेतलं होतं. आणि दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली होती, “भट्टीच्या धगीचा मला कंटाळा आलाय.” बस्स! एवढ्या एका वाक्याने बापलेकीचं बोलणं संपलं. तुर्कूला जाऊन ती हाडात भरायची काच करायला शिकली. प्लॅटिनमच्या मुशीत वितळवायची, फोडायची, पुन्हा वितळवायची, कणन् कण सारखा होईपर्यंत. पहिली काच जमली तेव्हा केवढ्या आनंदाने तिने पितृदिनाला दाण्यांची कुपी घरी धाडली! बाबांनी रीतीप्रमाणे दाणे पाण्यात ठेवले. ते पांढरे पडले. पांढऱ्या दाण्यांसकट कुपी परत आली, सोबत एक चिठ्ठी, ‘तुझी काच नासली.’

तीच कुपी आता आउनेने पर्समधून काढून टेबलावर ठेवली.

“ही जपून ठेवलीस?” बाबा गुरगुरले. “पाण्यात नासणारी काच माझ्या तोंडात भरणार? लोक काय म्हणतील, म्हाताऱ्या मेस्त्रीला शेवटी भंगार काच मिळाली!”

“लोक काहीही म्हणोत बाबा, तुम्ही बघा. भिंग घ्या आणि बघा. नासलेल्या काचेचं पांढरं अंगठ्याने पुसलं जातं, हे तुम्हीच शिकवलंत ना मला? मग पुसून दाखवा!”

मेस्त्रीला काच पारखायला सांगितल्यावर तो नाही कसा म्हणेल? बाबांनी खिडकीशी जाऊन एक दाणा तळहातावर घेतला. अंगठ्याने घासला. नखाने खरवडला. मग चाकूच्या टोकाने.

“निघत नाही,” ते हळूच म्हणाले. “...चिकटलंय.”

“तो हाडाच्याच जातीचा थर आहे, बाबा. काच स्वतः झिजते आणि तो अंगावर चढवते. हाड त्याला आपलं समजून धरतं. मग काच थोडी थोडी विरत जाते आणि तिच्या जागी हाड भरत येतं. ती नासली नव्हती हो... तिचं कामच ते होतं!”

बाबांनी भिंग खाली ठेवलं. “असले हात... असले हात असताना बाकडं सोडून गेलीस! का गं?”

आउनेने मान खाली घातली. आजही ती बोलली नसती. पण कॉफीची किटली दाणकन खाली ठेवून तापिओच ओरडला, “ती गेली नाही, बाबा, मी घालवली तिला! मला दुसरं काहीच येत नव्हतं. तळ्याकाठी मी तिला म्हणालो, बाकडं गेलं तर तळ्याच्या पातळ बर्फावर चालत जाऊन जीव देईन... आणि सकाळी ताई तुमच्यासमोर ते खोटं बोलली. अठरा वर्षं मी भित्र्यासारखा तिच्या जागेवर बसलोय!”

तो पन्नाशीला टेकलेला माणूस हमसून हमसून रडू लागला. आउनेने उठून त्याचं डोकं पोटाशी धरलं. “वेड्या, मला तिकडेही भट्टीच मिळाली ना रे...”

कोस्किलाच्या माणसांना डोळे पुसायलाही आडोसा लागतो, तसे बाबा फळीकडे तोंड करून उभे राहिले. सगळी भांडी सरकवून त्यांनी मागून कान तुटलेला निळा मग काढला. त्यावर धूळ नव्हती. सोनेरी कपातली कॉफी त्यात ओतत ते म्हणाले, “डॉक्टरीणबाईंना कळव. सोमवारी येतो म्हणावं.”

दहा महिन्यांनी तपासणीच्या फोटोत जबडा भरलेला दिसला. बाबांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “यात माझं हाड कुठे संपतं आणि माझ्या पोरीची काच कुठे सुरू होते?” बाई फोटोवर वाकून बघत राहिल्या आणि हसल्या. “खरं सांगू, मेस्त्री? आता मलाही रेघ सापडत नाही.”

घरी आल्यावर त्यांनी काळ्या पावाचं कडक टोक डाव्या बाजूने कडाकड चावलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं! मग हात पुसून ते खिडकीशी गेले. तापिओने आपला तुकडा आधीच एक जागा सरकवून ठेवला होता. चार लख्ख तुकड्यांच्या रांगेतल्या त्या मोकळ्या जागी बाबांनी कुपीतला तो पांढरा दाणा ठेवला आणि आउनेकडे वळून म्हणाले, “पास.”