चाळीस ध्वनिमुद्रणे आणि एक

ही घटना मी रचलेली नाही. तंत्रनिकेतनात मी एकतीस वर्षे मोजमापाचा विषय शिकवला. जे मोजले नाही ते बोलायचे नाही, ही माझी शिस्त. त्या दिवसाची नोंदवही आत्ता माझ्यासमोर उघडी आहे.

बुधवार. सकाळचे अकरा. खिडकीतून लख्ख ऊन.

ठिकाण, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातली मागची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, एक संगणक. मायक्रोफोन नाही.

हे मुद्दाम सांगतो आहे.

आठ महिन्यांपूर्वी ताईचे यजमान, आमचे भाऊजी, घशाच्या आजाराने गेले. शस्त्रक्रियेत आवाज जाणार हे कळल्यावर त्यांनी ताईसाठी स्वतःचा आवाज मुद्रित करून ठेवला होता. चाळीस मुद्रणे. यादी त्यांच्याच हस्ताक्षरात.

सगळी एका जुन्या डिस्कवर. एका कपाटाला तीन खण असावेत, तशी त्या डिस्कला तीन पार्टिशने. पहिली दोन लगेच उघडत. तिसरे संगणकाला जोडायला, म्हणजे माउंट करायला गेले, की ते काम जागच्या जागी थिजे.

मुद्रणे तिसऱ्यात होती.

"चेहरा डोळ्यांसमोर येतो रे," ताई म्हणाली. "पण आवाज पुसट होत चाललाय. अजून काही महिन्यांनी तो आठवणारही नाही."

मी वही उघडून बसलो.

प्रत्येक कृतीआधी वेळ लिहायची, आणि लिहिता लिहिता नोंद मोठ्याने वाचायची, ही माझी वर्गातली सवय. तारीख फक्त पानाच्या डोक्यावर. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या वहीला कमी ऐकू येतं का?"

केबल बदलली. फरक नाही. डिस्कचा पृष्ठभाग तपासला. एकही खराब जागा नाही.

निर्दोष डिस्क अडकते, याचा अर्थ कुणीतरी तिला हात लावला आहे.

पार्टिशन शेवटचे केव्हा जोडले, याची नोंद त्याच्याच सुरुवातीच्या भागात राहते. ती मी वाचली...

भाऊजी गेल्यानंतर एकोणीस दिवसांनी.

ताईला संगणक सुरू करता येत नाही. राहिला तिचा मुलगा. भाचा इथून अर्ध्या तासावर राहतो आणि गेले कित्येक महिने मला टाळतो. तीन महिन्यांपूर्वी माझी पत्नी गेली, तेव्हाही तो दारातच उभा राहिला. माझ्याकडे वर मान करून पाहिले नाही.

मी त्याला फोन केला. डिस्कचे नाव काढताच त्याने माझे वाक्य तोडले.

"मामा, तिसरं जोडलंत का?"

"अजून नाही. अडकतंय."

"नका जोडू. मी निघालोच."

माझा संशय पक्का झाला. बापाचा आवाज याने खोडला असणार, आणि आता अंगाशी येऊ नये म्हणून धावत येतो आहे. तो पोहोचण्यापूर्वी मला पुरावा हवा होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मी कमांड दिली. पार्टिशन फक्त वाचण्यापुरते जोडायचे, म्हणजे त्यावर काहीही लिहिले जाणार नाही, अशी काळजी घेऊन.

कमांडची खिडकी थिजली.

डिस्कमधून आवाज येऊ लागला... टक टक. मग थांबा. पुन्हा टक टक.

बिघडलेली डिस्क असा आवाज करते, हे मला ठाऊक आहे. पण भाऊजीही बोलण्यापूर्वी टेबलावर दोनदा पेन्सिल आपटत, हेही मला ठाऊक होते.

अकरा बत्तीस. प्रतिसाद नाही.

पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीतून मी पाहिले, पार्टिशन कोण अडवून बसले आहे. एक काम चालू दिसत होते. ते कोणी सुरू केले, तिथे नावाऐवजी नुसता क्रमांक होता. या संगणकावर त्या क्रमांकाचा वापरकर्ताच नाही.

भाऊजींच्या जुन्या संगणकावर होता. तो त्यांचा स्वतःचा.

मी वहीचे पान उलटले. त्याच क्षणी टकटक थांबली...

पार्टिशन उघडले.

मी मुद्रणे मोजली. एकही खोडलेले नव्हते.

एक्केचाळीस होती.

शेवटच्यावर तारीख आजची. वेळ अकरा वीस. मी कानांना हेडफोन लावला.

आधी नुसती खोली. खुर्चीची करकर. मग माझाच आवाज... "अकरा वाजून बत्तीस. प्रतिसाद नाही."

मायक्रोफोन नव्हता, हे मी वर लिहिले आहे.

मग पान उलटल्याचा आवाज. नंतर आणखी एक. मग बरीच पाने, एकामागून एक. आणि पुन्हा मी, जरा थकलेला:

"नऊ वाजून पाच. तीनदा बेल वाजवली. ताई दार उघडत नाही."

मुद्रण तिथे संपले.

अशी नोंद माझ्या वहीत नाही. मी वही दोनदा चाळली.

ताई आत भांडी लावत होती. ऐकू येत होते.

भाचा धापा टाकत आला. माझा चेहरा पाहून त्याला काही विचारावे लागले नाही. दार लोटून घेऊन तो हळू आवाजात बोलू लागला. बाबांची आठवण आली म्हणून त्याने डिस्क लावली होती. बराच वेळ अडकली, मग उघडली. तेव्हाही एक मुद्रण जास्तीचे होते. ते त्याने पुसून टाकले.

"कुणाचा आवाज होता?" मी विचारले.

"माझाच. मी फोनवर कुणाला तरी कळवत होतो." त्याने दाराकडे पाहिले. "मामी गेली म्हणून."

त्या वेळी माझी पत्नी ठणठणीत होती. रोज चालायला जात होती.

"तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार होतो, मामा?"

ज्याच्यावर मी आवाज खोडल्याचा आळ घेत होतो, तो सात महिने हे एकटा वागवत होता. त्याच्या नजरेला नजर देणे आता मला जमेना.

चाळीस मुद्रणे मी नव्या डिस्कवर उतरवून ताईला दिली, ती संगणकावर लावायलाही शिकवले. पहिलेच ऐकून ती हसली, मग डोळ्यांना पदर लावला. जुनी डिस्क माझ्या कपाटात कुलपात आहे.

तारीख प्रत्येक नोंदीत लिहिली असती, तर दिवस तरी कळला असता. एकतीस वर्षांत ही चूक मला कधी चूक वाटली नाही.

आता मी रोज सकाळी नऊच्या आत ताईला फोन करतो. कारण सांगत नाही.

गेल्या सोमवारी तिच्याकडे गेलो होतो. ती सहज म्हणाली, "आज डिस्क उघडायला फार वेळ लागला रे."

मी पेला खाली ठेवला.

"चाळीसनंतर आणखी एक आहे," ती म्हणाली. "त्यात मीच बोलतेय."

काय बोलतेस, असे मी विचारले. ती माझ्याकडे पाहत राहिली... बराच वेळ. मग उठून खिडकी लावली आणि म्हणाली, "काही नाही. जेवून जा."

मंगळवारपासून मी फोन उचलण्याआधीच तो वाजतो. पावणेनऊला. रोज.

"उठलास ना?" ताई एवढेच विचारते.