चिठ्ठीतल्या मुलीसाठी प्रार्थना

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझ्या केसांत शाम्पूचा फेस होता आणि आमच्या दोघांमध्ये न्हाणीघराची भिंत होती. भिंत होती ते बरंच झालं.

नळ एकदा खाकरला आणि गप्प बसला. मी ओरडले नाही. प्रभूच्या सेवेसाठी परदेशात आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी ओरडणं बरं दिसत नाही. मी नुसतं विचारलं, "बाहेर कोणी आहे का?"

"आहे," बाहेरून आवाज आला. चक्क मराठीत, आणि एकदम शांत. "पाणी मीच बंद केलंय. पाईप बदलतोय. आत कोणी असेल असं वाटलं नाही."

"आणि आता?"

"आता खात्री झाली." थोडा वेळ पान्याची खुडबुड. मग, "फेस डोळ्यांत गेलाय का?"

"एकात."

"मग दुसरा मिटून घ्या. सात मिनिटं लागतील."

बावीस लागली. तेवढ्यात मला कळलं की तो आपल्याकडच्याच दुसऱ्या शहरातल्या चर्चच्या मंडळीतून आलाय, दवाखान्याची नवी पाण्याची लाईन टाकायला वर्षभर इथेच राहणार आहे, आणि भिंतीपलीकडून त्याचं हसणं वाईट नाही. मी बाहेर आले तेव्हा तो गेलेला होता. नळाला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'हा नळ आता विश्वासू आहे.'

मी तो पुठ्ठा जरा जास्तच वेळ वाचला.

आमच्या मंडळीचे आम्ही अकरा जण चार आठवड्यांच्या सेवेसाठी त्या परक्या गावातल्या मिशन दवाखान्यात आलो होतो. मी दातांच्या डॉक्टरांची मदतनीस. दिवा धरायचा आणि तिथल्या भाषेत 'तोंड उघडा' म्हणायचं, एवढंच काम. 'मिटा' म्हणायला मी दुसऱ्या आठवड्यात शिकले. तोवर काही सभ्य माणसं उघड्या तोंडाने घरी गेली.

माझी आत्या स्वयंपाकघर सांभाळायची. खरं तर आईने तिला माझ्यावर नजर ठेवायला धाडलं होतं. पण आत्याचा गुडघा धरलेला, त्यामुळे ती स्टुलावर बसून बटाटे सोलायची आणि हाक पोहोचेल तिथवरच नजर ठेवायची.

हाक पोहोचत नसे तिथे तो भेटायचा. सगळे त्याला पाईपवाला म्हणत. दातांच्या खोलीतलं बेसिन दर दोन दिवसांनी बिघडू लागलं होतं.

"परत गळतंय?" मी विचारायचे.

"गळेल असं वाटतंय."

"म्हणजे अजून गळत नाहीये."

"दुखायच्या आधीच दाखवावं. तुमचे डॉक्टर हेच सांगतात ना?"

मग तो बेसिनखाली आडवा व्हायचा आणि बोलत सुटायचा. कुठल्या गावच्या पाण्याला कसला वास येतो, भावाच्या लग्नात पाळकसाहेबांची एकच चप्पल कशी हरवली, ती वधूच्या मामाच्या पायात कशी सापडली... मी ऐकत राहायचे. हातातला दिवा हळूहळू दातांवरून बेसिनकडे सरकायचा. खुर्चीतला पेशंट अंधारात आ वासून वाट बघायचा. डॉक्टर खाकरायचे.

डॉक्टर आणखी सहा महिने थांबणार होते. "राहतेस का?" त्यांनी मला विचारलं. "तुझा हात स्थिर आहे. लक्ष नाही, पण हात आहे."

"रविवारी सांगते," मी म्हटलं. मनातून मी केव्हाच राहिले होते.

आणि रविवारी चिठ्ठ्या निघाल्या.

हा आमच्या गटाबरोबर आलेल्या पाळकबाईंचा नेम. दर रविवारी प्रत्येकाने नाव न घालता प्रार्थनेची एक विनंती लिहून पातेल्यात टाकायची, मग पातेलं फिरवायचं, आणि ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल तिच्यासाठी त्याने आठवडाभर मनापासून प्रार्थना करायची. कोणाची ते विचारायचं नाही. कळलं तरी बोलायचं नाही. आधीच्या आठवड्यात मला 'डासांपासून रक्षण' आलं होतं. ते मी बऱ्यापैकी निभावलं.

या वेळी आलं ते असं : 'एक मुलगी आहे. शनिवारी तिचा गट परत जाईल. त्याआधी तिला विचारायचं धाडस मिळावं. ती समोर आली की मुद्द्याचं काही तोंडातून निघतच नाही.'

अक्षर नळावरच्या पुठ्ठ्याचं होतं.

मी हुशार मुलगी आहे, त्यामुळे चुकीच्या उत्तराला फार लवकर पोहोचले. माझ्यासमोर तर त्याचं तोंड बंदच व्हायचं नाही. मग त्याची बोलती कोणासमोर बंद व्हायची? चष्मेवालीसमोर. आमच्याच गटातली ती, शेजारच्या खोलीत लोकांचे डोळे तपासायची. शांत, उंच, हसली की समोरच्याचा नंबर आपोआप कमी व्हावा अशी. ती बोळातून आली की पाईपवाला भिंतीकडे तोंड करून सटकायचा. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सोमवारी मी डॉक्टरांना सांगितलं, "नाही जमणार. शनिवारी जाते मी."

 त्यांनी माझ्या हातातला दिवा घेऊन स्वतः धरून बघितला, आणि एका हाताने दात काढता येतो का, याचा विचार करत बसले.

आता प्रार्थना. पहिल्या सकाळी मी म्हटलं, "प्रभू, त्याला धाडस दे." आमेन म्हणायच्या आधी जोडलं, "पण घाई नाही." मग लाज वाटली, ते परत घेतलं. मंगळवारी 'तुझी इच्छा असेल तर' यावर मी नको तितका जोर दिला. बुधवारी मात्र उशीत डोकं खुपसून थोडी रडले, नाक पुसलं आणि मनापासून मागितलं. त्याचं भलं व्हावं. तिचंही. लोकांच्या विनंतीत आपली काटछाट करायची नसते.

आत्या नेहमी म्हणते, नुसती प्रार्थना करून हात बांधून बसू नये. म्हणून मी हातही चालवले. जेवणाच्या टेबलावर दोघांना शेजारी बसवलं. "चष्मेवालीच्या खोलीतला नळ गळतोय," असं सांगून त्याला तीनदा तिकडे पिटाळलं. तो जाताना दर वेळी माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच त्याचा दात काढलाय.

त्यातच आत्याचा गुडघा अचानक बरा झाला. गुरुवारपर्यंत ती प्रत्येक दारात दिसू लागली. बेसिनचं गळणंही थांबलं.

शुक्रवारी दुपारी मागच्या अंगणात मी दवाखान्याच्या चादरी काढत होते. भुरभुर सुरू झाली होती. चादरीच्या पलीकडून दोन हात आले आणि दुसरं टोक धरलं गेलं.

"तिच्या खोलीत नळच नाहीये," पाईपवाला म्हणाला.

"...नाहीये?"

"तीनदा जाऊन आलो. तिसऱ्या वेळी तिने मला बसवून डोळे तपासले. पहिल्या आठवड्यापासून चष्मा लावा म्हणून मागे लागली आहे. म्हणून तर मी तिला चुकवतो. आणि तुम्ही मला धरून धरून तिच्याकडेच पाठवताय. का?"

"सांगता येत नाही."

"का नाही?"

"नेम आहे."

तो थांबला. त्याच्या पापणीवर पावसाचा एक थेंब होता, आणि तो पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"माझी चिठ्ठी तुम्हाला आली," तो हळूच म्हणाला.

"विचारायचं नसतं."

"विचारत नाहीये. आणि तुम्हाला वाटलं, ती मुलगी म्हणजे चष्मेवाली... आणि तरी तुम्ही प्रार्थना केलीत?"

"मनापासून. मंगळवारी जरा खोट होती."

तो उपड्या बादलीवर बसला, त्याच्या हातातलं चादरीचं टोक सरळ चिखलात गेलं. "मला गुडघा आला होता," तो म्हणाला.

"काय?"

"चिठ्ठीत. 'गुडघा बरा व्हावा.' कोणाचा ते लगेच कळलं. बरा झाला की त्या उठून तुमच्या मागे फिरणार, मला बेसिनपर्यंतही येता येणार नाही, हेही कळलं."

"मग प्रार्थना केलीत कशाला?"

"चिठ्ठी आली होती ना."

इतका प्रामाणिक वेडा मी आयुष्यात पाहिला नव्हता. म्हणजे पाहिला होता, आठवडाभर रोज, आरशात.

"मी तुमच्यासमोर एवढी बडबड करतो," तो चादरीकडे बघत म्हणाला, "ती सगळी... मुद्द्याच्या आजूबाजूची असते. मुद्दा म्हणजे... तू. शनिवारी तू जाणार. आणि मला तू जायला नको आहेस. झालं. एवढंच होतं. एवढ्याला चार आठवडे लागले."

पाऊस वाढला. मला काहीतरी सुंदर बोलायचं होतं. मी म्हणाले, "थांब, आलेच," आणि पळाले.

डॉक्टरांच्या खुर्चीत एक बाई आ वासून होत्या. "मी राहते," मी दारातूनच सांगितलं. "सहा महिने. चालेल?"

डॉक्टरांनी वर न बघता दिवा माझ्या दिशेने पुढे केला. "हात धुऊन ये."

पण त्याआधी स्वयंपाकघर होतं. आत्या स्टुलावर बसली होती. पाईपवाला माझ्या मागोमाग आला होता. कवेत चिखलाने माखलेली चादर, कारण ती कुठे ठेवायची हे कोणी सांगितलं नव्हतं.

"आत्या, मी उद्या येत नाही," मी म्हटलं.

"तुझ्या आईला काय सांगू?"

"सांग, सेवा वाढवली."

"कोणाची?"

मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसले असते, किंवा भलतंच काही. "आत्या... मला तो आवडतो. खूप. भिंतीपलीकडे होता तेव्हापासून."

मागे चादर पडल्याचा ओला आवाज झाला.

आत्याने बटाट्याची साल न तोडता पूर्ण काढली, ताटात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "हे त्याला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग मला काय सांगतेस? मी काय करणार त्याचं?" तिने दुसरा बटाटा घेतला. "वळ की."

मी वळले.