केतकीच्या पाठची

केतकीला अकरा वर्षं पूर्ण झाली त्याच आठवड्यात हेमांगी सातपुतेला मिरजेच्या दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. वाढदिवसाला निनादनं केकवर अकरा मेणबत्त्या लावल्या होत्या आणि फुंकर मारायला लेकीला कडेवर उचलून घेतलं होतं. त्याशिवाय तिचं तोंड मेणबत्त्यांपर्यंत पोचलंच नसतं. अकरा वर्षांच्या केतकीची उंची, तिचे दुधाचे दात, तिचं बोलणं आणि रुसणं सगळं पावणेचार वर्षांच्या मुलीचं होतं. शेजाऱ्यांना त्याचं नवल नव्हतं. त्या एका गल्लीत अशी आणखी दोन मुलं होती. 'संथ मुलं' म्हणत त्यांना, आणि म्हणताना आवाज जरा खाली येई इतकंच.

हेमांगीला सव्विसावा आठवडा चालू होता. सकाळी डबा भरता भरता पोट दगडासारखं घट्ट झालं, सुटलं, पुन्हा घट्ट झालं. दुसऱ्या खेपेची बाई ती. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं गॅस बंद केला, घड्याळ पाहिलं आणि निनादला हाक मारली. "दर दहा मिनिटांनी येतायत. गाडी काढ."

दवाखान्यात तिला डाव्या कुशीवर निजवलं, पलंगाची पायाकडची बाजू वर केली, पोटाला पट्टा बांधला. पट्ट्याला जोडलेल्या यंत्रातून बाळाच्या हृदयाचे ठोके खोलीभर ऐकू येऊ लागले. कळा थांबवायचं औषध सलाइनमधून सुरू झालं आणि बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून एक इंजेक्शनही दिलं. संध्याकाळपर्यंत कळांमधलं अंतर वाढलं. तेव्हा डॉक्टर फिरदौस इनामदार खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. साठीला आलेल्या या बाईंनीच केतकीचं बाळंतपण केलं होतं.

"हे औषध दोन दिवस धरेल," त्या म्हणाल्या. "फार तर थोडं जास्त. त्याच्या पुढचं आपल्याला आत्ताच ठरवायला हवं."

"म्हणजे संथक," हेमांगी म्हणाली.

"हो. पण तो कसा काम करतो ते मी तुला पुन्हा सांगणार आहे. गेल्या खेपेला सांगितलं तेव्हा मलाच अर्धं ठाऊक होतं."

मूल केव्हा जन्मायचं हे आई ठरवत नाही. तसं फार पूर्वीपासून वाटत आलं असलं, तरी ठरवते ती वार, म्हणजे बाळाला आईशी जोडणारी नाळ जिच्यात रुजलेली असते ती. वारेत एक घड्याळ असतं. त्याला काटे नसतात. एक रसायन असतं, आणि गर्भ राहिल्यापासून ते दिवसागणिक वाढत जातं. ठरलेल्या रेषेला ते पोचलं की कळा सुरू होतात. काही बायकांमध्ये हे घड्याळ पळतं. पूर्वीची औषधं गर्भाशयाला काही काळ गप्प बसवीत, पण घड्याळ आत चालूच राही. मग संथक आला. नाळेतून दिलेल्या एकाच इंजेक्शननं घड्याळाचीच गती तिसऱ्या हिश्शावर यायची. उरलेल्या चौदा आठवड्यांना बेचाळीस लागायचे, पण मूल पोटात सुखरूप राहायचं. केतकी सोळाव्या महिन्यात जन्मली होती, तीन किलो वजनाची, गुटगुटीत. दवाखान्यानं पेढे वाटले होते.

"आम्हाला वाटलं होतं, मूल जन्मलं, वार पडली, की घड्याळही गेलं," डॉक्टर म्हणाल्या. "ते गेलं नव्हतं. दात केव्हा यायचे, वयात केव्हा यायचं, केस केव्हा पांढरे व्हायचे, सगळं त्याच एका मोजमापानं चालतं. वारेत दिसतो तो त्याचा पहिला ठोका. आपण एकदा ते संथ केलं की ते जन्मभर संथ. हे कळेपर्यंत सहा वर्षं गेली आणि हजारो मुलं झाली. तुझ्या केतकीला ते इंजेक्शन माझ्या हातानं दिलंय मी."

"तुम्ही दिलं म्हणून ती आहे," हेमांगी म्हणाली. "त्याबद्दल मी कधी तुम्हाला बोल लावलेला नाही."

"नाही लावलास. म्हणून तर जड जातं."

हेमांगी भूमापन कार्यालयात मोजणीदार होती. दोन भावांच्या वादात बांधावर उभं राहून आकडा सांगायची तिला सवय होती. तिनं विचारलं, "आणि संथक नाही घेतला तर? दहातली किती जगतात?"

"आत्ता या आठवड्यात जन्मलं तर आठ. त्या आठांतली पाच धडधाकट. बाकीच्यांना काही ना काही उरतं. डोळे, फुप्फुसं, कधी मेंदू."

"आणि घेतला तर?"

"तर दहाच्या दहा. केतकीसारखी."

त्या गेल्यावर निनाद बराच वेळ खिडकीशी उभा होता. तो बसडेपोत विजेच्या गाड्यांचा तंत्रज्ञ होता. मितभाषी, हाताला सतत काही तरी काम लागणारा. त्यानं पाण्याची बाटली भरून आणली, चादर सारखी केली आणि मग म्हणाला, "घेऊन टाकू या. मूल जगलं पाहिजे, हेमा. बाकी सगळं नंतरचं."

"आणि केतकीचं?"

हा प्रश्न त्यांच्या घरात नवा नव्हता. संथ मुलांच्या पालकांची दर महिन्याला बैठक भरे. शाळा, लसी, कपडे असे विषय निघत आणि शेवटी सगळे त्याच एका जागी येऊन थांबत: आपल्यामागे कोण? केतकी अठराची दिसेल तेव्हा चोपन्न वर्षांची असेल आणि हेमांगी त्र्याऐंशीची. असली तर. निनाद तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. हेमांगी पासष्टीची होईल तेव्हा केतकी बारा वर्षांची दिसत असेल; तिला न्हाणीत एकटं सोडता येईल, जगात नाही. म्हणून चाळिशीला टेकल्यावर दोघांनी दुसऱ्या मुलाचं मनावर घेतलं होतं. का, ते एकमेकांना मोठ्यानं सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडली नव्हती.

"हेही संथ झालं," हेमांगी हळू म्हणाली, "तर आपण गेल्यावर दोन लहान मुलं मागे राहतील. एकाची सोय करायला निघालो आणि दोघांना उघड्यावर टाकलं असं होईल."

"आणि नाही दिलं आणि ते गेलं तर? तर आपण त्याला केतकीसाठी मारलं असं होईल." निनादचा आवाज चढला नाही, पण हात थांबले. "माझ्याच्यानं ते नाही सहन व्हायचं."

"माझ्याच्यानं होईल असं वाटतं तुला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी निनाद केतकीला घेऊन आला. ती पलंगावर चढून आईच्या पायाशी बसली आणि यंत्रातले ठोके ऐकत राहिली. संथ मुलांचं एक वेगळंच असतं. बुद्धी दिसणाऱ्या वयाइतकी, पण आठवणी खऱ्या वर्षांच्या. बालवाडीतली सहावी तुकडी आता केतकीला सोडून पहिलीत गेली होती.

"आई, हे बाळ माझ्यासारखं राहणार?"

"तुला कसं हवं?"

"माझ्यासारखं." तिला विचार करावा लागला नाही. "ओजस माझा मित्र होता. मग तो मोठा झाला. मग रिद्धी होती, ती पण मोठी झाली. सगळे मोठे होतात आणि जातात. हे नको जायला."

हेमांगीनं तिला जवळ ओढलं. घरातला तिसरा माणूसही मत देऊन गेला होता आणि तेही संथकच्याच बाजूनं. लेकीला हवा होता जन्माचा सवंगडी. आई तिच्यासाठी सांभाळणारं माणूस आणायला निघाली होती. केतकीच्या केसांना शाळेतल्या खडूचा वास येत होता. त्या केसांवर गाल टेकून हेमांगी पडून राहिली आणि तेवढ्या वेळात तिचं ठरलं.

संध्याकाळी डॉक्टर इनामदार संमतीचा कागद घेऊन आल्या, तेव्हा तिनं मान हलवली. "नको, मॅडम. जसं यायचं तसं येऊ दे."

डॉक्टरांनी कागद मांडीवर पालथा ठेवला. "तू या बाळाला का आणलंस ते मी विचारणार नाही. पण हे कुणासाठी ठरवते आहेस? पोटात आहे त्याच्यासाठी, की घरी आहे तिच्यासाठी?"

"दोघांसाठी असं एकच काही असतं का?"

डॉक्टरांनी तिच्या पोटावरचा पट्टा नीट केला. "नाही," त्या म्हणाल्या. "मग आता एक कर. हलू नकोस. प्रत्येक दिवस मोलाचा आहे."

निनादनं तिचा निर्णय ऐकला आणि तो खाली जाऊन आला. आल्यावर पायाशी बसून तो तिचे तळवे चोळत राहिला. पुढे कधी या निर्णयावरून त्यानं तिला एक शब्द सुनावला नाही. पण त्या दिवसापासून तो तिला 'हेमा' म्हणेनासा झाला. 'हेमांगी' म्हणू लागला. तिनंही कारण विचारलं नाही.

औषधानं दोन दिवस धरलं, आणि त्यानंतर हेमांगीनं स्वतः नऊ दिवस धरलं. जेवण कुशीवर, केस विंचरणं कुशीवर, ऑफिसच्या फोनना उत्तरं कुशीवर. सिस्टर रोज सकाळी म्हणत, "आणखी एक दिवस मिळवलात, ताई." दहाव्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी पाणी गेलं आणि साडेदहाला मुलगी झाली. नऊशे ऐंशी ग्रॅम. तिचा रडण्याचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा होता, पण होता. एकाहत्तर दिवस ती काचेच्या पेटीत राहिली. दोनदा श्वास थांबला आणि दोनदा परत आला. डोळ्यांच्या पडद्यावर लेझरनं उपचार करावे लागले. डावा डोळा पुरता वाचला, उजव्यानं अंधुकच दिसणार होतं. तिचं नाव अनघा ठेवलं.

अनघा भराभरा वाढली. म्हणजे इतर मुलांसारखीच; पण त्या घराला अकरा वर्षं वेगळीच सवय लागली होती. केलेले कपडे सहा महिन्यांत आखूड होत आणि हेमांगीला दर वेळी दचकायला होई. साडेपाचव्या वर्षी दोघी बहिणी बरोबर एका उंचीच्या झाल्या. ते वर्ष घरातलं सगळ्यात हसरं होतं. दोघी एका ताटात जेवत, एकाच पांघरुणात झोपत, एकमेकींचे फ्रॉक घालत. केतकीला अखेर सवंगडी मिळाला होता. आणि मग अनघा पुढे निघून गेली. कुणी शिकवलं नाही, सुचवलं नाही, पण एक दिवस केतकी तिला 'ताई' म्हणू लागली.

अनघा चौथीत होती तेव्हा एका शनिवारी शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. हेमांगी मटार सोलत होती.

"आज बाईंनी संथकचा धडा शिकवला," अनघा म्हणाली. "लवकर येणाऱ्या बाळांना द्यायचे, असं आहे त्यात. मी लवकरच आले होते ना?"

"हो."

"तेव्हा ते औषध होतं?"

"होतं."

"मग मला का नाही दिलं?"

या प्रश्नाचं उत्तर हेमांगीनं नऊ वर्षं तयार करून ठेवलं होतं. औषधाचे दुष्परिणाम, डॉक्टरांचा सल्ला, सगळं जुळवलेलं. जाड भिंगांमागचे ते दोन डोळे तिच्याकडे पाहत होते, त्यांतला एक नीट, एक अंदाजानं. तिला ते उत्तर देववलं नाही.

"तू मोठी व्हायला हवी होतीस म्हणून," ती म्हणाली. "वेळेवर मोठी."

"कुणाला हवी होते?"

"मला. केतकीसाठी."

अनघा रडली नाही, चिडलीही नाही. तिनं एक मटार तोंडात टाकला. मग तिनं विचारलं, "केतकी कॉलेजातल्या मुलींएवढी होईल, तेव्हा मी किती वर्षांची असेन?"

"त्रेचाळीस."

"आणि तू?"

"त्र्याऐंशी. असले तर."

मुलीनं मनाशी काही तरी जुळवून पाहिलं. आतून केतकीची हाक आली, "ताई, माझी वेणी सुटली!" वीस वर्षांची केतकी, आवाज सातव्या वर्षाचा. अनघानं दप्तर काढून भिंतीला टेकवलं आणि उठली.

"मग मला मूल नको," ती म्हणाली. रागानं नाही, उद्या डब्यात काय नको हे सांगावं तसं. "मला एक आहेच."

आणि फणी शोधत ती आत गेली. हेमांगी सोललेल्या मटारांत हात घालून तशीच बसून राहिली.