अंगाईतला लांडगा

"परत धुवा."

तिने हात पुन्हा नळाखाली धरले. कोपरापर्यंत साबण, नखांवर ब्रश… लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाईच्या नखांतलं ग्रीस असं पटकन निघत नाही, हे दारात उभ्या असलेल्या त्या मास्कवाल्याला कोण सांगणार? तिने हात पुढे केले. त्याने ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिले, अगदी लग्नाच्या मुलीकडे बघावं तसे.

"अजून एकदा. आणि तो टी-शर्ट…"

"त्याला काय झालं?"

टी-शर्ट काळा होता. त्यावर एक कवटी होती आणि कवटीच्या डोळ्यातून साप बाहेर येत होता.

"उलटा घालून याल का?"

"आतल्या बाळांना अजून दिसतं तरी का?"

"बाळांना नाही. त्यांच्या आयांना दिसतं."

ती टी-शर्ट उलटा करून आली.

तिची ताई सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. भावोजी जहाजावर, भर समुद्रात. ताई खालच्या मजल्यावर, ऑपरेशननंतरच्या तापाने फणफणलेली. तिला वर यायची परवानगी नव्हती. आणि खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत होती ताईची मुलगी, तळहातापेक्षा थोडी मोठी. तिला रोज दुपारी कुणाच्या तरी उघड्या छातीवर झोपवायचं होतं. माणसाची ऊब, माणसाची धडधड. पेटीला सगळं जमतं, एवढं जमत नाही, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या. उरलं कोण? मावशी.

सिस्टरनी हिरवा पडदा ओढला, बाळ तिच्या छातीवर ठेवलं, वरून चादर गुंडाळली आणि बजावलं, "हलायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही."

ती श्वाससुद्धा बेताने घेऊ लागली. तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून आवाज आला. कुणीतरी गात होतं. गात होतं म्हणण्यापेक्षा, एक खालचा सूर धरून बसलं होतं. तीनच स्वर, पुन्हापुन्हा तेच. भाषा अनोळखी. तिच्या मानेवर काटा आला.

"कोण गातंय?" तिने कुजबुजत विचारलं.

सूर थांबला. "सॉरी. त्रास होतोय का?"

तोच. नखं तपासणारा.

"नाही, नाही… चालू ठेवा ना."

त्या वॉर्डात कुणाला नाव नव्हतं. सगळे बाळाच्या नात्याने ओळखले जात. ती झाली खिडकीजवळची मावशी. आणि पुरुष नर्सला 'ब्रदर' म्हणायची पद्धत. पहिल्या दिवशी तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आठवडाभरात मात्र जीभ अडखळायला लागली.

पडद्याच्या पलीकडे त्याच्या मांडीवर एकेक बाळ असे, ज्याची आई जेवायला किंवा दोन घटका पडायला गेलेली. बाहेरगावाहून, परदेशातून आलेल्या बायका तिथे येत. त्यांची अंगाई तो त्यांच्याकडून शिकून घेई.

"आई नसली तरी बाळाला चाल ओळखीची लागली पाहिजे," तो म्हणाला. "शब्द माझे चुकतात. त्यावरून अजून कुणी तक्रार केलेली नाही."

"आणि त्या तीन स्वरांच्या गाण्याचा अर्थ काय?"

"डोंगरात राहणाऱ्या एका आईचं आहे. कडेला झोपू नकोस, लांडगा येईल आणि तुला कुशीतून ओढून नेईल."

"हे बाळाला सांगतात?"

"प्रेमाने सांगतात."

ती हसली, आणि हसताना छातीवरचं बाळ हललं म्हणून घाबरून गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "अहो, हे तर आमच्याकडचं आहे!"

"तुमच्याकडे लांडगे आहेत?"

"आम्ही हेवी मेटल ऐकतो. आमच्याकडे लांडगे आहेत, कवट्या आहेत, प्रलय आहे. पण आम्ही ते मोठ्या माणसांना सांगतो. तान्ह्या बाळाला सांगायची हिंमत आमच्यात नाही."

पडद्यामागून एक दबका आवाज आला. तो हसला असावा. मास्कमुळे नक्की सांगता येत नसे, आणि पडद्यामुळे तर मुळीच नाही. तिला त्याचे फक्त डोळे माहीत होते, तेही हात धुतानाचे. पण त्या दोन डोळ्यांसाठी ती आता नखं घरूनच घासून येऊ लागली होती.

तिला स्वतःला एकही अंगाई येत नव्हती. चौथ्या-पाचव्या दुपारी बाळ कुरकुरायला लागलं, तेव्हा तिने जे येत होतं तेच केलं. मेटलमधला तिचा आवडता प्रकार डूम. गिटारच्या तारा सैल करून खाली उतरवायच्या आणि एकच चाल इतक्या संथपणे वाजवायची, की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस चहा गाळून घेईल. ती चाल तिने ओठ मिटून, छातीतून गुणगुणायला सुरुवात केली. मान आपोआप ठोक्यावर डोलू लागली. बाळाची कुरकुर थांबली. मॉनिटरवरचा धावणारा आकडा हळूहळू चालू लागला.

"हे कुठल्या भाषेतलं?" पलीकडून प्रश्न आला.

"शब्दच नाहीत. गिटार आहे."

"मला शिकवा."

"खरंच?"

"बाळ झोपलं ना? मग शिकवा."

आणि मग त्या हिरव्या कापडाच्या दोन बाजूंना बसून दोन मोठी माणसं, दोन झोपलेल्या बाळांसह, जगातलं सगळ्यात जड संगीत कुजबुजत राहिली.

"एखादं गाणं सांगा, घरी जाऊन ऐकतो," तो म्हणाला. तिने विचार करून एक सांगितलं. दुसऱ्या दिवशी हात धुताना तिला धीर धरवेना.

"कसं वाटलं?"

"खरं सांगू? आधी वाटलं, आमचं सक्शनचं मशीन बिघडलंय."

"आणि मग?"

"मग त्या गाणाऱ्याचं वाईट वाटलं. एवढा जिवाच्या आकांताने रडतोय… आणि कुणी त्याला उचलून घेत नाही."

ती बघतच राहिली. नळ वाहत राहिला. पंधराव्या वर्षापासून ती हे संगीत ऐकत होती. घरात, ऑफिसात सगळ्यांना ते समजावून थकली होती. इतकं सरळ तिलाही कधी सुचलं नव्हतं.

"पाणी," तो म्हणाला.

"हं?"

"पाणी वाया जातंय, मावशी."

रोज दुपारी फळ्यावर बाळाचं वजन लिहिलेलं असे. वाढलं की वॉर्ड खूश. तीही खूश. पण वजन ठरलेल्या आकड्याला पोचलं की बाळ घरी जाणार, हे सिस्टरनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे पडदा संपणार. एका दुपारी वजन किंचित घटलेलं दिसलं, आणि तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं, त्याची तिला इतकी लाज वाटली की ती जिन्यात जाऊन बसली. कसली मावशी आहेस गं तू?

त्याच दुपारी तिने ठरवलं, विचारून टाकायचं.

"शनिवारी दुपारी आम्ही मित्रमंडळी जमतो," ती पडद्याला म्हणाली. "पाण्याच्या टाकीजवळ टायरचं दुकान आहे, बुलडोझरचं. बुलडोझर म्हणजे आमचा मित्र, बघितलात की कळेल. महिन्यातून एकदा कुणीतरी मेटलच्या बाहेरचं काहीतरी आणायचं. कुठल्याही देशातलं, कुठल्याही भाषेतलं. पूर्ण ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, हसायचं नाही. येत्या शनिवारी माझी पाळी आहे. तुम्ही… याल का? ती लांडग्याची अंगाई…"



"वॉर्डातली ओळख वॉर्डातच ठेवायची," तो म्हणाला. "मी तसं ठरवलंय."

"का?"

"इथे माणसं घाबरलेली असतात. घाबरलेल्या माणसाला जवळचा आवाज आवडतो. कुणाचाही. घरी गेली, झोप झाली, की त्यांना इथलं काहीच नको असतं, आणि ते बरोबरच आहे. इथे महिनाभर माझा हात धरून रडलेली एक आई मला बाजारात दिसली. मला बघून तिने रस्ता ओलांडला."

"मी तशी नाही."

"तीही तशी नव्हती," तो सौम्यपणे म्हणाला. "घरी जा. नीट झोपा. मग बघा, काय आठवतंय."

"आणि आठवलं तर?"

त्याच्या मांडीवरचं बाळ रडलं, आणि तो त्याला घेऊन उठला.

गुरुवारी बाळ घरी निघालं. ताईचा ताप उतरला होता. ती बाळाला घेऊन खुर्चीत बसून रडत होती आणि हसत होती. सिस्टरनी दृष्ट लागू नये म्हणून बाळाकडे बघून नाक मुरडलं. तो दारापर्यंत आला.

"पुन्हा इकडे येऊ नका हं," तो म्हणाला. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला वॉर्डातले सगळे असंच म्हणत. तो आशीर्वादच होता. लिफ्ट खाली जात असताना दोराचा आवाज ऐकायचंसुद्धा तिच्या लक्षात राहिलं नाही.

ती घरी गेली. झोपली. चांगली दहा तास झोपली. उठल्यावर सगळ्यात आधी काय आठवलं, ते तिने कुणालाही सांगितलं नाही.

शनिवारी टायरच्या दुकानात शटर अर्ध्यावर ओढून काळे टी-शर्ट टायरांवर बसले होते. बुलडोझरने स्पीकरची वायर पुढे केली. "आण, काय आणलंयस ते."

"वायर नको," ती म्हणाली. "माझ्याकडे रेकॉर्डिंग नाही. मीच म्हणणार आहे."

"तू? गाणार?"

"हसायचं नाही. नियम आहे."

कुणी हसलं नाही. तिने डोळे मिटले आणि तो खालचा सूर धरला. शब्द कुठे पक्के आठवले, कुठे नुसतेच ओठात विरले. तीन स्वर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. ज्या माणसांना जमिनीला हादरे बसल्याशिवाय काही ऐकल्यासारखं वाटत नसे, ती माणसं खाली बघत, माना संथ डोलवत ऐकत होती. संपलं तेव्हा बुलडोझर भिंतीला टेकून चक्क झोपला होता. तोंड उघडं, हातात वायर.

"दुसऱ्या कडव्यात लांडगा येतो," शटरपाशी कुणीतरी म्हणालं. "तुम्ही त्याला आणलाच नाहीत."

तिने डोळे उघडले. शटरखालून वाकून एक माणूस आत येत होता. त्याचं नाक जरा मोठं होतं, हनुवटीवर जुनी खूण होती. हा चेहरा तिने आयुष्यात पाहिला नव्हता. डोळे मात्र…

सगळे बघत होते. ती उठली आणि त्याला पुन्हा शटरबाहेर घेऊन गेली. बाहेर ऊन होतं आणि वारा.

"तुम्ही तर येणार नव्हता."

"तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं. स्वतःला म्हणायचं राहून गेलं." तो अवघडला. मास्कशिवाय त्याचं अवघडणं सगळं दिसत होतं, आणि तिला ते फार आवडलं. "झोप झाली नीट?"

"दहा तास."

"मग?"

"मग काय… आठवलात."

"घाबरल्यासारखं?"

"नाही हो. भूक लागल्यासारखं."

तो हसला. पहिल्यांदाच तिला त्याचं हसू दिसलं, डाव्या बाजूला किंचित जास्त.

"माझं मात्र बिनसलंय," तो म्हणाला. "काल खिडकीजवळच्या पेटीत नवीन बाळ आलं. त्याच्या आईने मला त्यांची अंगाई शिकवली. मी गायला बसलो आणि तोंडातून निघाली तुमची गिटार. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, अहो ब्रदर, लक्ष कुठे आहे? मी खरं सांगू शकलो नाही." त्याने मान खाली घातली, मग वर केली. "तेच सांगायला आलोय. लक्ष इथे आहे."

आतून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला. सगळे कान लावून बसले असणार.

"मला त्या पडद्याचा फार राग यायचा," ती म्हणाली. "आणि बाळाचं वजन वाढलं की मी हिरमुसायचे. माझ्याच भाचीचं! इतकं वाईट वागायला लावलंत तुम्ही मला. आता एवढ्यावर सोडणार नाही."

"मग काय करू?"

तिने शटर वर उचलून धरलं. आत काळे टी-शर्ट घाईघाईने आपापल्या टायरांवर परतले. एका टायरवर जागा होती, तिच्या शेजारची.

"आत ये," ती म्हणाली. "वाकून ये, डोकं आपटेल."

तो शटरखाली वाकला.

"येतो," तो म्हणाला. "तू शटर सोडू नकोस."