कुरणातली वाट

सामान तपासायला प्रवाशांना दहा-दहाच्या गटाने जहाजाच्या मागच्या खोलीत बोलावत होते. पंचफुलाबाईंचा गट तिसरा. खोलीत रबराचा वास होता, भिंतीला लागून बाकं होती आणि मधे चार व्हॅक्यूम मशिनं घोंघावत होती. प्रत्येकाने पायमोजे, विजार, जाकिटाचे खिसे उलटे करून दाखवायचे. दक्षिण ध्रुवाच्या त्या भूमीवर बाहेरचं एकही बी पडता कामा नये, असा नियम होता.

बाईंना तो नियम फार आवडला. झरी जामणीच्या जंगलपट्टीतल्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी बियांचा प्रसार शिकवला होता. पोरांना त्या सरळ गावामागच्या कुरणात न्यायच्या, कमरेएवढ्या गवतातून चालवायच्या आणि मग पारावर बसवून कोणाच्या कपड्याला काय चिकटलं ते बघायला लावायच्या. "गवताला पाय नसतात," त्या सांगायच्या, "म्हणून ते तुमचे वापरतं."

त्याच वर्गातली पायल आता त्यांच्यासमोर उकिडवी बसून चिमट्याने मोज्यांची वीण तपासत होती. ती या जहाजावर वाटाड्या होती. आईवडील लहानपणीच गेले, आजीने वाढवलं, पुढे आजीही गेली. जहाजावर काम करणाऱ्याला वर्षातून एकदा घरच्या एका माणसाला आणता येतं. अर्जातल्या 'नातं' या रकान्यात पायलने नुसतं 'बाई' लिहिलं, आणि सदुसष्टाव्या वर्षी पंचफुलाबाई नागपूरहून चार विमानं बदलत जगाच्या टोकाला आल्या.

"हे पाहा," पायलने चिमटा वर धरला. चिमट्यात एक कुसळ होतं. "बाई, कुरण संगंच आणलं का तुमी?"

"अवं, मोजे नवे हायेत. नागपुरात घेतले, अन् पाकीट काल फोडलं."

"मंग पायीच आलं असंन." दोघी हसल्या. पायलने कुसळ एका बाटलीत टाकलं, झाकण आवळलं आणि वहीत नोंद केली.

दोन दिवस समुद्राने जहाज घुसळून काढलं. तिसऱ्या दिवशी पाणी शांत झालं आणि रबरी होड्यांतून सगळे एका बेटावर उतरले. पेंग्विनांच्या विष्ठेचा आंबूस वास, दगडगोटे, आणि वर बर्फ. गवताची काडी कुठे नव्हती. सगळ्यांच्या आधी पायल एकटीच हातात लांब काठी घेऊन पुढे गेली. ती काठीने बर्फ टोचत होती आणि वाटेवर लाल निशाणं रोवत होती.

"एकटीच काहून जातं तू?" बाईंनी नंतर विचारलं.

"बर्फाखाली भेगा असतात, बाई. वरून दिसत नाही. कोणीतरी पहिलं पाऊल टाकाच लागते न? मी चालली का मंग बाकीचे."

त्या दिवसापासून ते बाईंच्या मनात घर करून बसलं.

जहाजावर परतल्यावर बूट जंतुनाशकाच्या टबात बुडवून ब्रशने घासून घेतले. बाई आपल्या खोलीत आल्या, पलंगावर बसल्या आणि मोजे काढले. घोट्याभोवती सात कुसळं होती. पूर्ण वाळलेली नव्हती, आश्विनात असतात तशी हिरवट. त्यांनी एक कुसळ तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब सोडला. वर्गात करून दाखवायच्या तसंच ते हळूहळू पीळ सोडत फिरलं.

पायलला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. दुसऱ्या उतरण्याच्या वेळी तिने जहाजाच्या साठ्यातले बंद पाकिटातले मोजे आणि कोरी विजार दिली, आणि स्वतःच्या देखत घालायला लावली. बाई तासभर बर्फावर फिरून आल्या. विजारीला गुडघ्यापर्यंत कुसळं होती. सगळी पुढच्या बाजूने, गवतातून चाललेल्या माणसाला लागतात तशी. मागे एकही नाही.

"मोहीमप्रमुखानं विचारलं मले," पायल हळू आवाजात म्हणाली. "म्हणे, तुह्याच पाहुणीच्या कपड्यात निघते. आता पुन्हा निघालं तं नोकरीवर येईन, बाई. पण उद्या खरं खंड हाय. नकाशातला खालचा पांढरा पट्टा. किती वर्ष दाखवला तुमी आमाले."

"दिसते न मले इथून," बाई म्हणाल्या. "मी नाही उतरत. तू आपलं काम पाह्य."

रात्र तिथे होतच नव्हती. पडदा लावून त्या पडून राहिल्या. उतरायचं म्हणून आल्या होत्या, त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही.

सकाळी नऊला बाई डेकवर दुर्बीण घेऊन उभ्या राहिल्या. वारा नव्हता. पाण्यापासून थेट डोंगरापर्यंत पांढरा उतार, आणि त्यावर एकटी पायल, निळ्या जाकिटात.

तिने काठी काखेत मारली होती. कोपरं उचलली होती. दोन्ही हात छातीपुढे जोडून ती ते बाजूला सारत होती, पुन्हा जोडत होती, पुन्हा सारत होती. गुडघा उंच उचलून पाऊल टाकत होती. मधेच थांबली, मागे वळली, जाकिटाची कड कशात तरी अडकल्यासारखी ओढून सोडवली आणि पुढे निघाली.

बर्फावर असं कोणी चालत नाही. बाईंच्या गावातलं प्रत्येक पोर मात्र भरल्या कुरणातून असंच चालतं.

शेजारचे प्रवासी फोटो काढत होते. कोणाला काही वेगळं दिसल्यासारखं वाटलं नाही.

"आज हात असे काहून करून राह्यली होती?" संध्याकाळी बाईंनी करून दाखवलं.

पायल बघतच राहिली. "नाही बा. काठी होती न दोन्ही हातात. सगळा वेळ."

बाई जानेवारीच्या शेवटी गावी परतल्या. तूर निघाली होती, कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. गावातल्या बायांनी दोन दिवस बर्फाच्या गोष्टी ऐकल्या आणि तिसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागल्या. बाई कुरणात गेल्या. यंदा गवताचा लिलाव झाला नव्हता, त्यामुळे ते कमरेएवढं उभंच होतं, वाळून पिवळं झालेलं.

कुरणाच्या मधोमध एक वाट होती.

एका माणसापुरती. दोन्हीकडचं गवत बाजूला सारलेलं, मधलं पायाखाली दबलेलं. ती कुठून येत नव्हती. उभ्या गवतातच सुरू होत होती आणि पन्नासेक पावलांवर उभ्या गवतातच संपत होती. बाईंनी वाकून मातीला हात लावला. दुपारच्या उन्हात माती ओली होती, आणि बोटं बधिर व्हावीत इतकी गार.

गुरं चारणारे डोमाजी काठीवर हनुवटी टेकून उभे होते. "हे ढोराचं काम नव्हे, बाई. ढोर येईन तं बाहेरून येईन. मधातूनच कसं काय सुरू होईन ते?"

बाईंनी वाटेच्या टोकाला काडी रोवून चिंधी बांधली. अकरा दिवसांनी वाट चिंधीच्या पुढे चाळीस पावलं गेली. त्याच संध्याकाळी पायलचा फोन आला. आवाज तुटत होता. "त्याच जागी उतरलो आज. वाट पुढं नेऊन राह्यलो. टेकाडावरून पाहुण्याले समुद्र दाखवाचा हाय."

आणखी अकरा दिवसांनी वाट पुन्हा वाढली. बाई टोकावर उभ्या राहिल्या आणि वाट ज्या दिशेने निघाली होती तिकडे त्यांनी पाहिलं. तीस पावलांवर जुनी विहीर होती. कठडा कधीच ढासळला होता. गवत काठापर्यंत आलं होतं, त्यामुळे माहीत नसणाऱ्याला विहीर दिसत नसे.

बाईंनी फोन लावला. सहाव्या वेळी लागला.

"पायल, पुढच्या खेपेले सरळ नको जाऊ. डावीकडून जा."

"काहून?"

पोरांशी खोटं बोलायची बाईंना सवय नव्हती. "मले इथून दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या.

खरखरीतून पायलचा आवाज आला. "बाई, तब्येत बरी हाय न तुमची? आता शेवटचीच खेप हाय. मार्चच्या दहा तारखेले, सकाळी नऊला. मंग मी येतोच गावाले."

तिथले सकाळचे नऊ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेपाच. बाईंनी डोमाजींना हाताशी घेऊन विहिरीभोवती बाभळीचे काटे टाकायला सुरुवात केली.

"माही गाय पडली तवा कोणी एक फांदी नाही टाकली," डोमाजी फांदी ओढता ओढता म्हणाले. "आता कोणाची पडून राह्यली?"

"पडू नये म्हणूनच टाकतो न, डोमाजी."

दहा तारखेला पाचलाच बाई विहिरीजवळच्या दगडावर जाऊन बसल्या. ऊन तिरपं झालं होतं. पानही हलत नव्हतं.

साडेपाचला वाटेच्या टोकाचं गवत दुभंगलं.

मग त्याच्या पुढचं. मग त्याच्या पुढचं. पाऊल टाकायला लागतो तेवढ्याच वेळाने.

गवताखेरीज काही दिसत नव्हतं. गवत सरळ बाईंकडे येत होतं, विहिरीकडे.

काट्यांपाशी ते थांबलं. एक बाभळीची फांदी जरा हलली.

"पायल," बाई म्हणाल्या. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज. "डावीकडून."

गवत थोडा वेळ स्थिर राहिलं.

मग डावीकडे वाकलं. विहिरीला वळसा घालून पुढे गेलं. बाईंच्या अंगावरून गार वारा गेला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. 'बाई, काल काठी टोचली आणि समोरचा बर्फ खचला. खाली तळ दिसत नव्हता. डावीकडून गेली. सगळे बरे आहोत. जहाज परत निघालं.' बाईंनी निरोप चारदा वाचला, आणि मग दार लावून मनसोक्त रडल्या.

पायल मार्चच्या अखेरीस आली. वाळली होती, पण हसरी होती. घरोघरी चहा झाला. "पोरगी त गोरी होऊन आली वं," बाया म्हणाल्या. डोमाजीही भेटायला आले. जाता जाता त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. "तुमची ती वाट थांबली नाही बरं. रोज पुढं चालून राह्यली. सागबनात शिरली परवा."

"रोज?"

"रोज. आजबी."

बाईंनी मनातल्या मनात तारखा जुळवल्या. दहा तारखेनंतर पायल बर्फावर उतरलेली नव्हती.

उन्हं उतरल्यावर पायलच म्हणाली, "चला न बाई, कुरण दाखवा. लहानपणी न्यायचे तसं." ती पुढे झाली. बाई जुन्या वाटेने न जाता सरळ उभ्या गवतातून तिच्या मागे निघाल्या. पायल भरभर चालत होती. पन्नासेक पावलांवर तिने वळून पाहिलं. बाई मागेच राहिल्या होत्या, पदरात आणि निऱ्यांत कुसळं घुसून त्यांचं पाऊल अडत होतं. ती परत आली, त्यांच्या पायाशी बसली आणि एक-एक कुसळ काढू लागली.

"किती लागले तुमाले, बाई! मले पाहा बरं, एक नाही." तिने हसत सलवारीचा घेर पसरून दाखवला. स्वच्छ होता.

बाईंनी मान वर केली. त्यांनी स्वतः तुडवलेलं गवत मागे वाकून पडलं होतं. पायल जिकडे गेली आणि जिकडून परत आली, तिकडे सगळं गवत सरळ उभं होतं. एक काडीही वाकली नव्हती. गवत वाकत होतं ते तिकडे, सागबनात.